ग्रीफ : अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हणजे काय केलं, तर फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहिले आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ. पोरांनी ते उतरवून घेतले, पाठ केले आणि परीक्षा झाली की विसरून गेले. त्यात दुःखाचे शब्द फार. सॉरो म्हणजे दुःख. सॅडनेस म्हणजे दुःख. मिझरी म्हणजेही दुःखच. ग्रीफ आला की मात्र मी जरा थांबायचो, खडू बोटांत फिरवायचो आणि लिहायचो, ‘अतीव दुःख’. मग वाक्यात उपयोग. ही वॉज फुल ऑफ ग्रीफ. त्याला अतीव दुःख झाले. पुढचा शब्द ग्रोसरी, म्हणजे किराणा. घंटा झाली, तास संपला.

हा ‘ही’ म्हणजे कोण, त्याचं कोण गेलं होतं, त्याला एवढं दुःख कशाचं झालं होतं, हे मला कुणी कधी विचारलं नाही. मीही त्याची चौकशी केली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर तो शब्द माझ्याच मुलाने माझ्यावर फेकला, तेव्हा मात्र माझा पारा चढला. तो लवकर चढतो. माझी बायको म्हणायची, यांच्या नाकावर राग आणि रागावर चष्मा.

“बाबा,” तो फोनवर म्हणाला, “तुम्ही अजून ग्रीफमध्ये आहात. तुम्हाला कळत नाहीये, पण मला दिसतंय.”

इंग्रजीच्या मास्तरला इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगतोय! पण ‘दिसतंय’ हे मात्र खरं होतं. तो पुण्याला असतो आणि त्याला माझं खळं दिसतं.

आमचं घर रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून थोडं वर गेलं की सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला. पुढे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, खळ्यात तुळस, बाजूला हापूसची काही कलमं आणि पाठीमागे काजू. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि एका सुट्टीत येऊन पडवीच्या खांबावर कॅमेरा बसवून गेला. आता आमच्या गावात निम्म्या घरांवर असे कॅमेरे आहेत. मुलं मुंबई-पुण्याहून आपापली म्हातारी माणसं बघतात. आम्हीही हळूहळू सरावलो. बनियनवर बाहेर यायचं बंद केलं, एवढाच काय तो फरक.

बायकोने मात्र त्या कॅमेऱ्याचं सोनं केलं. मासेवाली येऊन गेली की साफ करायला बसण्याआधी ती मासा शेपटीला धरून कॅमेऱ्यासमोर उचलायची. “बघ रे, सौंदाळे मिळाले आज! जेवलास काय?” उत्तराची वाट न बघता मोरीकडे जायची. त्या कॅमेऱ्यातून तिकडच्या माणसाला बोलताही येतं. मुलगा पहिल्यांदा त्यातून बोलला, तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. खांबातून एकदम “आई!” ऐकू आल्यावर सूप तिच्या हातातून पडलं आणि खळंभर तांदूळ झाले. मग तिने खांबाकडे बघून त्याला असा काही झाडला म्हणता! “भुतासारखा खांबातून बोलू नकोस. बोलायचं तर सरळ फोन कर.” राजापूरच्या बाईचं तोंड ते. त्यानंतर तो खांबातून कधी बोलला नाही.

दीड वर्षापूर्वी ती गेली. सकाळी छातीत दुखायला लागलं, रत्नागिरीला नेलं, दुपारी संपलं. मुलगा संध्याकाळच्या आत पोचला, त्याच्या हातून सगळं झालं. बारावं-तेरावं उरकून तो पुण्याला परत गेला आणि मी इथे राहिलो.

दुःख झालं. अतीव झालं. पहिले काही महिने मी घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत जायचो आणि कशासाठी आलो ते आठवायचं नाही. पण माणसं मला एकटं सोडतील तर ना! रोज कुणी ना कुणी दुखवट्याला यायचं. यायचे, पडवीत बसायचे, चहा आपणच करून मलाही द्यायचे आणि तिच्याबद्दल बोलायचे. कुणाच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली होती, कुणाच्या लग्नात तिने घावने घालून घालून हात भाजून घेतले होते, कुणाशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते कसं मिटलं, सगळं. दुखवटा संपला तरी माणसं यायची थांबली नाहीत. अजूनही मासेवाली टोपली उतरवते आणि म्हणते, “वयनी आसत्या तर ह्ये बांगडं घेतलं नसतानी. गुर्जी, तुमाला काय कळतंय?” आणि तेच बांगडे मला देऊन जाते.

मी हळूहळू स्वयंपाक शिकलो. कुळथाची पिठी पहिल्यांदा केली तेव्हा एवढ्या गुठळ्या झाल्या, की शेजारच्या वहिनींनी आत डोकावून विचारलं, “भावोजी, ह्ये वडे कसले वो?” आता माझी पिठी बरी होते. सकाळी पुलापर्यंत चालून येतो, कलमांखाली पालापाचोळा गोळा करतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी आमच्या पडवीत चार म्हातारे जमून जगाला नावं ठेवतो. सुखात आहे, असं म्हणायला मला अजून थोडी लाज वाटते. पण खरं सांगायचं तर आहे. आणि बायकोशी बोलतोही. मोठ्याने. एवढी वर्षं आम्ही एकमेकांना बोलत आलो, ती गेली म्हणून मी तोंड शिवून बसायचं काय?

हेच त्या कॅमेऱ्याने पकडलं. आणि पातळही पकडलं.

काजूचा हंगाम सुरू झाला की बिया खळ्यात वाळत घालाव्या लागतात. नुसत्या जमिनीवर पसरल्या तर गोळा करताना कंबर मोडते. म्हणून तिचं एक जुनं सुती पातळ मी त्यासाठी काढलं. बिया त्यावर पसरायच्या, ऊन उतरलं की चारी टोकं उचलायची, झालं काम. ती हयात असतानाही हेच करायची, फक्त माझं धोतर घ्यायची. पण पुण्यात बसलेल्या माणसाला काय दिसलं? बाप आईचं पातळ खळ्यात पसरून त्याच्यासमोर उकिडवा बसलाय आणि त्याच्याशी बोलतोय.

मी तेव्हा काय बोलत होतो ते मला आठवतंय. शेजाऱ्यांची म्हैस परत कुंपण मोडून आत आली, हे तिला सांगत होतो.

“बाबा, तुम्ही शिमग्यानंतर इकडे या,” मुलगा म्हणाला. “कायमचे. खोली तयार आहे. बाग कुणाला तरी करायला देऊ, घर बंद ठेवू. मी शिमग्याला येतो आणि तुम्हाला घेऊनच जातो.”

“कशासाठी?”

“तुम्ही तिथे राहिलात तर या ग्रीफमधून बाहेर येणार नाही. सगळीकडे आईच आहे तिथे.”

“म्हणून तर इथे आहे!” मी म्हणालो. पण त्याने ठरवून टाकलं होतं. माझ्याच पोटचा, हट्टाला कमी पडायचा नाही. आधी त्याने पुण्यातल्या एका मॅडमशी माझी व्हिडिओवर गाठ घालून दिली. दुःखी माणसांशी बोलायचं शिक्षण घेतलेल्या. चांगली मुलगी होती. तिने विचारलं, “सर, तुम्हाला रडू येतं का?” मी म्हटलं, येतं की. कधी जेवताना येतं, कधी कारणाशिवाय येतं, मग जातं. “झोप लागते?” दुपारचीसुद्धा. “कुणाशी बोलता का त्यांच्याबद्दल?” मी हसलो. म्हटलं, बाई, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय इथे मला कुणी दूधसुद्धा घालत नाही. शेवटी तिची आजी चिपळूणची निघाली आणि मी तिला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगितलं. फोन ठेवताना ती म्हणाली, “सर, तुम्ही बरे आहात.”

मुलाला हे पटलं नाही. “तुम्ही तिला गुंडाळलंत,” म्हणाला.

मग शिमगा जवळ आला. एका दुपारी मी पातळावर बिया पसरतोय तोच फोन वाजला. “बाबा, आईचं ते पातळ उन्हात विटेल. आत घ्या ना.” बस्स. माझं डोकंच फिरलं. पातळ माझं, बायको माझी, बिया माझ्या, आणि खांबावरचा तो डोळा मला सांगणार काय कुठे ठेवायचं ते! मी फोन कट केला, स्टूल घेतलं आणि कॅमेऱ्याची वायर उपटून टाकली. फार बरं वाटलं. पडवीत येऊन बनियनवर बसलो.

चहा ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा फोन.

“बाबा, कॅमेरा बंद पडलाय.”

“पडला नाही. मी बंद केलाय. मी धडधाकट आहे, बघायचं काही कारण नाही.”

मला वाटलं, आता चिडणार. मग त्याचा आवाज आला, अगदी लहान असताना ताप आला की यायचा तसा.

“तुम्हाला बघायला नाही हो, बाबा. खळं दिसत नाहीये.”

“खळ्यात काय बघायचंय?”

“ऑफिसात बाजूला लावून ठेवतो मी. दिवसभर. आई कुठून यायची, कुठे बसायची, ते दिसतं. तिने मासे दाखवलेले जेवढे व्हिडिओ राहिलेत तेवढे जपून ठेवलेत मी. पण ते सारखे बघवत नाहीत. नुसतं खळं असलं की बरं वाटतं.” मग म्हणाला, “इथे आईला कुणी बघितलेलंच नाही, बाबा. कुणाला सांगू? गेली म्हटलं की सॉरी म्हणतात आणि कामाचं बोलतात.”

मी चहाचं आधण उतरवलं. इतके दिवस मी त्या शब्दावर चिडत होतो, आणि तो शब्द माझ्यासाठी नव्हताच. फळ्यावरचा ‘ही’ पुण्यात बसला होता. मला सगळ्या गावाने मिळून रडवलं, हसवलं, जेवायला घातलं. त्याला मात्र नोकरीवाल्यांनी मोजकी रजा दिली आणि एक इंग्रजी शब्द दिला. तो शब्द घेऊन तो एकटाच बसला होता आणि माझ्यात त्याचा अर्थ शोधत होता.

फोनवर एवढंच म्हटलं, “थांब, लावतो.” स्टुलावर चढून वायर पुन्हा बसवली. खाली उतरून तिकडे बघून हात केला. बनियनवरच होतो.

शिमग्याला तो आला. गाडीत माझ्या सामानासाठी जागा ठेवूनच आला होता. मीही वाद घातला नाही. म्हटलं, पालखी येऊन जाऊ दे, मग बघू.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. गेल्या शिमग्याला आमचं सुतकाचं वर्ष, म्हणून ती दारावरून पुढे गेली होती. ढोल लांब लांब जाताना मी आत बसून ऐकले होते. या वेळी यायची होती. वहिनींनी सकाळपासून खळं सारवलं, रांगोळी घातली, मी नारळ आणि ओटीचं सामान काढून ठेवलं. मुलगा नुसता मधे मधे फिरत होता. आईने ठेवलेल्या जागी काही सापडत नव्हतं आणि मी ठेवलेल्या जागी त्याला काही बघायचं नव्हतं.

ऊन उतरताना पालखी आली. खळ्यात नाचवली, मग पाटावर बसवली. ओटी भरून झाली. आता गाऱ्हाणं. आमच्याकडे हे असं असतं, की ज्याचं घर त्याने स्वतः देवाला काही सांगायचं नाही. घरवाल्याने गावकरांच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, कानात सांगायचं, आणि गावकरांनी ते सगळ्यांदेखत मोठ्याने देवापुढे मांडायचं. जमलेल्या माणसांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. पोराला नोकरी लागू दे, सुनेची कूस उजवू दे, मुंबईचं माणूस सुखरूप ठेव, असलं सगळं. घरातली गोष्ट सगळ्या गावाच्या तोंडून देवाकडे जाते.

आमचे गावकर वयाने माझ्यापेक्षा मोठे, आवाज मात्र तिशीतल्या माणसाचा. ते माझ्याकडे कान करून वाकले. “काय घालू गाऱ्हाणं, गुर्जी?”

मी म्हटलं, “माझ्यासाठी काही मागू नका. पोराला आई गेल्याचं दुःख आहे आणि तिकडे त्याला ते सांगायला माणूस नाही. तेवढं देवाच्या कानावर घाला.”

गावकरांनी एकदा मुलाकडे बघितलं. मग नारळ दोन्ही हातांत धरला आणि खळं हादरेल असा आवाज काढला.

“बा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं खळं म्हणालं.

“ह्या घरची लक्षुमी तुज्याकडं आली. गेल्या साली तुला ह्या दारात नारळ मिळाला न्हाय, ता मनात धरू नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो तिचा पोरगा. पुण्याला ऱ्हातो. तिथं त्याच्या आयशीचं नाव काढणारा कोण न्हाय. तो एकटाच तिला आठवतो नि एकटाच रडतो, म्हाराजा!”

मुलगा खाली बघत होता. मला वाटलं, चिडेल. शहरात राहिलेला माणूस, चारचौघांत असं ओरडून सांगितलेलं त्याला आवडायचं नाही. होकार मात्र आधीपेक्षा मोठा आला. ढोलवाले, पालखीचे भोई, कुंपणाबाहेरच्या बायका, सगळ्यांचा.

“ता दुख आज त्येनं ह्या खळ्यात तुज्यापुडं ठेवलंन. ता त्याच्या एकट्याचं न्हाय, म्हाराजा! ज्येनं ज्येनं तिच्या हातचा चाय प्यायलान, त्या सगळ्यांचं हाय!”

“व्हय म्हाराजा!”

मुलगा तिथेच पालखीपुढे बसला आणि रडला. तोंड न झाकता रडला. कुणी त्याला उगी उगी केलं नाही, कुणी मोबाइल काढला नाही. गावकर थोडे थांबले आणि मग मी न सांगितलेलं, आपल्या मनाचं एक वाक्य त्यांनी जोडून दिलं. “आनि गुर्जींना पुण्याला न्यायचं चाललाय म्हणतात. ता तेवढं तूच काय ता बघ, म्हाराजा!”

या वेळचा ‘व्हय म्हाराजा’ भाट्याच्या खाडीपलीकडे गेला असेल. रडता रडता मुलाला हसू फुटलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे गाव म्हणजे असं, पोटातलं काही पोटात राहू देणार नाही.

पालखी पुढच्या घरी गेली, पण निम्मी माणसं गेलीच नाहीत. वहिनींनी चहा ठेवला आणि सगळे मुलाला मधे घेऊन पडवीत बसले. दुखवट्याला बसतात तसे, फक्त दीड वर्ष उशिरा. त्याची आई एकदा एसटीतून उतरवलं म्हणून कंडक्टरला कशी नडली, लग्न होऊन आली त्या वर्षी विहिरीत कळशी पडली तर आपणच आत कशी उतरली, असं काय काय निघालं. विहिरीचं मलाही माहीत नव्हतं. मुलगा मधे मधे विचारत होता, “मग? मग आई काय म्हणाली?” ज्याला त्याला तिचा आवाज काढून दाखवायचा होता. कुणालाही जमत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने पुण्याचं नाव काढलं नाही. आणखी थोडे दिवस राहिला, माझ्याबरोबर काजू गोळा केले, पुलापर्यंत फिरायला आला. निघताना गाडीतली माझी जागा रिकामीच होती. तिच्यात मी नारळ आणि आमसुलं भरली. त्याने दाराशी घुटमळत विचारलं, “बाबा, ते पातळ मी नेऊ?”

“अरे, त्याला काजूचे डाग पडलेत. ते जन्मात जायचे नाहीत.”

“असू दे,” म्हणाला.

मी घडी घालून दिलं. तिचं कपाट उघडून बियांसाठी दुसरं काढलं. त्यालाही मी तिची परवानगी विचारली, मोठ्याने, खांबाखाली उभं राहून.

परवा मासेवाली बांगडे देऊन गेली. मी पायरीवर ताट घेऊन बसलो आणि नेहमीसारखा बायकोला सांगायला लागलो. “बघ गो, महाग झालेत किती. आणि तुझा पोरगा तिकडे बाहेरचं खातो रोज. मी सांगून थकलो, आता तूच सांग त्याला काय ते.”

खांबातून आवाज आला. थोडा चिरका, पण स्पष्ट.

“व्हय म्हाराजा!”

ताट माझ्या हातातून पडता पडता राहिलं. भुतासारखा खांबातून बोलू नकोस, असं तिच्यासारखंच म्हणणार होतो, पण ते राहू दिलं. मग ताटातला त्यातल्या त्यात मोठा बांगडा शेपटीला धरून उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

“बघ रे,” मी म्हटलं. “जेवलास काय?”